जाणाऱ्याचे भाडे कोणी भरले? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भारतीय कादंबरीतील कुटुंब, स्थलांतर आणि वसाहतकाळाचे मागे उरलेले परिणाम या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रे मोठी असल्यामुळे प्रत्येकातील मूळ प्रश्न तेवढा येथे दिला आहे. माझे मत आधीच सांगून ठेवते. या कादंबऱ्या वाचताना आपले लक्ष बोटीवर किंवा विमानात चढणाऱ्याकडे जाते, परंतु त्याच्या जाण्याची किंमत बहुधा घरी राहिलेल्या माणसांनी, त्यातही बायकांनी, भरलेली असते आणि चांगली कादंबरी हा हिशेब दाखवल्यावाचून राहत नाही.

प्रश्न (सातारा) : आमच्या वाचनमंडळाने किरण देसाई यांची ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ वाचली. कथा १९८६ च्या सुमारास दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला घडते, तरी निवृत्त न्यायाधीशाच्या विलायतेतील दिवसांना तीत इतके स्थान का? काही सभासदांचे म्हणणे असे की, पत्नीला छळणाऱ्या या माणसाला लेखिकेने निव्वळ राक्षस करून टाकले आहे.

उत्तर : आपल्या मंडळातील मतभेद स्वाभाविक आहे. न्यायाधीशाची क्रूरता वाचवत नाही, आणि ती सौम्य करून सांगण्याचा प्रयत्न लेखिकेने कोठेही केलेला नाही. परंतु तो जन्मतः तसा होता असेही ती म्हणत नाही. तो तसा कसा झाला हे कळावे म्हणूनच विलायतेची प्रकरणे इतकी सविस्तर आली आहेत.

जेमुभाई पटेल हा गुजरातमधील एका लहान गावचा, शेतकरी जातीत जन्मलेला हुशार मुलगा. १९३९ मध्ये तो केंब्रिजला जातो. त्याने का जावे, याचे उत्तर त्याच्या महत्त्वाकांक्षेत जितके आहे तितकेच राज्यव्यवस्थेत आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली, सत्येंद्रनाथ टागोर हे १८६३ मध्ये ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले, आणि भारतात ती परीक्षा देण्याची सोय १९२२ मध्ये अलाहाबादला झाली तोपर्यंत दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षे आपल्याच देशात कलेक्टर किंवा न्यायाधीश होण्यासाठी आधी देश सोडावा लागत होता. पुढे परीक्षा येथे झाली तरी विलायतेहून आलेल्या माणसाचा मान निराळाच राहिला, आणि घरोघरच्या बापांनी तो नीट ओळखला होता.

आता या प्रवासाचा पैसा कोठून आला ते पाहावे. जेमुभाईच्या बापाजवळ बोटीच्या भाड्याइतकी रक्कम नाही. ती हुंड्यातून उभी राहते. गावातील एका श्रीमंत माणसाची चौदा वर्षांची मुलगी त्याला दिली जाते आणि तिच्या बापाच्या पैशावर तो केंब्रिज गाठतो. तेथे त्याला कोणी मारीत नाही, तुरुंगात घालीत नाही. लोक फक्त त्याच्यापासून थोडे दूर सरकून बसतात. एवढ्याने त्याला आपल्या रंगाची, आपल्या अंगाच्या वासाची, आपल्या उच्चारांची अशी लाज वाटू लागते की तो बोलणेच टाकतो. परत येतो तेव्हा त्याच्याकडे अधिकार असतो, परंतु ती लाज गेलेली नसते. ज्यांनी ती निर्माण केली त्यांच्याविरुद्ध तो ब्रही काढू शकत नाही, कारण त्यांच्यासारखे होणे हेच त्याच्या आयुष्याचे ध्येय झालेले असते. मग ती सगळी लाज घरात एका ठिकाणी उतरते, ती पत्नीवर. जिच्या हुंड्याने तो साहेब झाला तिचेच खाणे, बोलणे, चालणे त्याला असह्य होते. आपल्या सभासदांना मी एवढेच सुचवीन की, या पत्नीची, म्हणजे निमीची, प्रकरणे पुन्हा वाचताना पैशाची ही गोष्ट मनात ठेवावी. लेखिका न्यायाधीशाला माफ करीत नाही आणि आपणही करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या क्रौर्याचा पत्ता मात्र ती नेमका सांगते.

आपल्या पत्रात कादंबरीच्या दुसऱ्या धाग्याचा उल्लेख नाही, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. न्यायाधीशाच्या स्वयंपाक्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात, कागदपत्रांवाचून, भटकत राहतो, आणि इकडे बाप त्याच्या पत्रांवर जगतो. आणखी एका गरीब घरातील पोराला तिकडे आधार दे, अशी गळ तो मुलाला घालत असतो. मुलाचे तिकडे काय चालले आहे याची त्याला कल्पना नाही, आणि मुलगाही ती देत नाही. न्यायाधीश आणि स्वयंपाकी एकाच छताखाली राहतात, परंतु एकाचे विलायतेला जाणे आणि दुसऱ्याच्या मुलाचे अमेरिकेला जाणे या एकाच रांगेतील दोन गोष्टी आहेत, हे त्या दोघांपैकी कोणालाच दिसत नाही. ते वाचकाला दिसावे अशी कादंबरीची रचना आहे, आणि २००६ चा बुकर पुरस्कार तिला मिळाला त्यात या रचनेचा वाटा मोठा असणार असे मला वाटते.

तिसरा धागा डोंगराचा. दार्जिलिंगचा डोंगर इंग्रजांनी १८३५ मध्ये सिक्कीमकडून घेतला, कालिम्पाँगचा प्रदेश भूतानशी झालेल्या युद्धानंतर १८६५ मध्ये त्यांच्या ताब्यात आला, आणि चहाच्या मळ्यांसाठी नेपाळमधून मजूर मोठ्या संख्येने आले. कादंबरीतील ग्यान हा अशाच एका कुटुंबातील तरुण. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही आपण येथे उपरेच, ही त्याची जळजळ १९८६ च्या, वेगळे गोरखालँड राज्य मागणाऱ्या आंदोलनात व्यक्त होते. त्या आंदोलनातून १९८८ मध्ये दार्जिलिंग गोरखा पर्वतीय परिषद निर्माण झाली. मळे लावणारे निघून गेले, परंतु मळ्यासाठी आणलेल्या माणसांना घर कोणते, हा प्रश्न ते मागे ठेवून गेले. न्यायाधीशाचा बंगलाही एका स्कॉटिश माणसाने बांधलेला आहे. त्या बंगल्यात बंदुका मागायला शिरलेली मुले आणि आत बसलेला म्हातारा यांच्यापैकी परका कोण, असा प्रश्न पहिल्याच प्रकरणात उभा राहतो.

प्रश्न (ठाणे) : अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’मध्ये अम्मूला माहेरच्या मालमत्तेत काहीच हक्क नाही असे येते. हे कायद्याने खरे होते, की कथेच्या सोयीसाठी घेतले आहे? आणि याचा वसाहतीशी संबंध काय?

उत्तर : कायद्याने खरे होते. अम्मूचे माहेर केरळातील सिरियन ख्रिश्चनांचे. तो भाग पूर्वी ज्यात होता त्या त्रावणकोर संस्थानात १९१६ चा ख्रिश्चन वारसा कायदा होता. मृत्युपत्र न करता वडील वारले तर मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळत असे. स्वातंत्र्यानंतरही हीच पद्धत चालू राहिली. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, १९५१ पासूनच तेथील सिरियन ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, ज्यात मुलगा आणि मुलगी समान आहेत. मेरी रॉय या कादंबरीच्या लेखिका अरुंधती रॉय यांच्या आई. कादंबरीतील मुख्य घटना १९६९ मधील आहे, म्हणजे निर्णयाच्या पुष्कळ आधीची.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मुलीचा हक्क नाकारणारा कायदा देशी संस्थानाचा होता आणि तो हक्क देणारा कायदा ब्रिटिश भारतात झालेला होता. तेव्हा घरातील प्रत्येक अन्याय इंग्रजांच्या खात्यावर टाकता येणार नाही, आणि अरुंधती रॉय तसे करीतही नाहीत. त्यांना दिसते ते वेगळेच : जुनी घरची सत्ता आणि नवी साहेबी प्रतिष्ठा यांची एकमेकींशी झालेली हातमिळवणी. अम्मूचे वडील पुसा येथील शेती-संशोधन संस्थेत ‘इम्पीरियल’ कीटकशास्त्रज्ञ होते. आपण शोधलेल्या पतंगाला आपले नाव मिळाले नाही, ही सल त्यांनी आयुष्यभर बाळगली आणि संताप बायकोवर काढला. भाऊ चाको ऑक्सफर्डला गेला, तेथे इंग्रज मुलीशी लग्न केले, काडीमोड घेऊन परत आला, तरी घरातील कारखाना त्याचा. बहीण अम्मूचाही काडीमोड झाला, परंतु ती घरावर ओझे. भावाची इंग्रज मुलगी पाहुणी म्हणून येणार तर सारे घर नटते, आणि बहिणीची जुळी मुले त्याच घरात उपरी. आणखी एक तपशील सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. अम्मूचा नवरा आसाममधील चहाच्या मळ्यावर नोकरीला असतो. नवऱ्याची नोकरी वाचवण्याच्या बदल्यात अम्मूला आपल्या बंगल्यावर पाठवावे, असे त्याचा इंग्रज व्यवस्थापक सुचवतो. हे स्वातंत्र्य मिळून पंधराहून अधिक वर्षे झाल्यावरचे आहे. अम्मू तेथून मुलांना घेऊन निघते, आणि माहेरी येऊन तिला कळते की इकडेही आपल्या नावावर काही नाही.

प्रश्न (उल्हासनगर) : आमचे कुटुंब सिंधमधून १९४७ नंतर येथे आले. आजी त्या दिवसांविषयी बोलत नाही. फाळणीवरील हिंसेची वर्णने मला वाचवत नाहीत. घर गमावलेल्या बाईचे मन समजेल अशी एखादी कादंबरी सुचवाल का?

उत्तर : अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ वाचावी. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातील आजी ढाक्यात वाढलेली, कोलकात्यात शाळेची मुख्याध्यापिका झालेली, कडक, देशाभिमानी बाई आहे. वृद्धपणी ढाक्याला विमानाने जायची वेळ येते तेव्हा ती विचारते की, वरून सीमा दिसेल का? दोन देशांमध्ये काहीच दिसत नसेल तर एवढी माणसे मेली कशासाठी, हे तिला खरोखरच समजून घ्यायचे असते. लहानपणी तिच्या वडिलांमध्ये आणि काकांमध्ये भांडण होऊन घराच्या मधोमध भिंत घातली गेली होती. भिंतीपलीकडे सगळे उलटे असते अशा कहाण्या तेव्हा तिने धाकट्या बहिणीला सांगितलेल्या. मोठ्या राजकारणाने जे देशाचे केले, ते या कुटुंबाने आपल्या घराचे आधीच करून ठेवले होते, असे लेखक सुचवतो, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

हिंसा तीतही आहे हे सांगायला हवे. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून प्रेषित मुहंमदांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाला, काही दिवसांत तो सापडलाही, परंतु त्याचे पडसाद शेकडो कोस दूर पूर्व पाकिस्तानात आणि कोलकात्यात उमटले. कादंबरीतील मृत्यू त्या दंगलीतला आहे. लेखकाने तो रंगवून सांगितलेला नाही. घरच्यांनी वर्षानुवर्षे त्याविषयी पाळलेले मौन हाच त्याचा खरा विषय आहे. म्हणून आपल्या आजींच्या न बोलण्याच्या जवळ जाणारे पुस्तक म्हणून मी त्याकडे बघते.

मात्र आपल्या कुटुंबाचे दुःख थोडे निराळे आहे. पंजाब आणि बंगालवर सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाने सीमेची रेघ ओढली. पूर्वी कधी भारतात न आलेल्या या माणसाने जुलै १९४७ मध्ये येऊन पाच आठवड्यांत ते काम उरकले. सिंधची मात्र वाटणी झालीच नाही, तो प्रांत सगळाच पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला ‘आपल्या’ बाजूचा तुकडाही उरला नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि तरीही तेथून आलेल्यांना महायुद्धासाठी उभारलेल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित म्हणून राहावे लागले. त्या छावणीचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आपल्या पत्त्यात अजून कॅम्पचा क्रमांक येत असेल, त्यामागे ती लष्करी छावणी आहे.

प्रश्न (मडगाव) : माझे दोन्ही धाकटे भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले. वडील मुक्तिसंग्रामातले, त्यांना हे फार लागले. गोव्याच्या या स्थलांतराविषयी कादंबरी कोणती?

उत्तर : आपल्या घरातला पेच मी समजू शकते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. ते नोंदवले की भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. इंग्लंड युरोपीय संघात होते तोवर या पासपोर्टवर तेथे मोकळेपणी राहता येत असे, म्हणून स्विंडनसारख्या गावात गोयंकारांची वस्ती वाढली. आपल्या वडिलांना लागले ते योग्यच आहे. पण भावांनी अपराध केला असेही मला वाटत नाही. चारशे एक्कावन्न वर्षे राज्य करून ज्यांनी येथे पोटापुरते उद्योगही उभे केले नाहीत, त्यांच्या कारभाराचे परिणाम वडिलांनी एका प्रकारे सोसले आणि भाऊ दुसऱ्या प्रकारे सोसत आहेत.

गोव्यातील माणूस बाहेर जातो तो आजचा नव्हे. पोर्तुगीज काळातच तो मुंबईला आला, धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिला, तारवटी म्हणजे खलाशी होऊन ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर चढला, मोझांबिकला आणि पूर्व आफ्रिकेला गेला. त्यानंतर आखात आले. या शेवटच्या टप्प्यावरची दामोदर मावजो यांची कोकणी कादंबरी ‘कार्मेलिन’ आपण अवश्य वाचावी. १९८१ मध्ये ती आली, १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे मावजो यांना ज्ञानपीठही मिळाले. मुलीच्या भवितव्यासाठी कुवेतला मोलकरीण म्हणून जाणारी बाई हा तिचा विषय. मी आरंभी म्हटले की किंमत घरी राहिलेल्या बायका भरतात. येथे तर बाईच जाते, तेव्हा हिशेब उलटा व्हायला हवा होता. तो होत नाही. पाठवलेल्या पैशाने घर उभे राहते, आणि परक्या घरात एकट्या मोलकरणीला काय सोसावे लागते याची किंमतही तीच भरते. मावजो यांनी तिच्यावर ना दया दाखवली आहे ना निवाडा दिला आहे. तिचा प्रत्येक निर्णय तिच्या जागी उभे राहून समजून घेतला आहे, आणि म्हणून ही कादंबरी मला या विषयावरील कित्येक गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांहून मोठी वाटते.

प्रश्न (चिपळूण) : हे सारे इंग्रजी, कोकणी. मराठी कादंबरीत स्थलांतर आणि इंग्रजी राज्याचे परिणाम इतक्या ताकदीने का आले नाहीत?

उत्तर : आले आहेत. परंतु आपण स्थलांतर म्हटले की विमानतळ डोळ्यांपुढे आणतो, आणि मराठी माणसाचे मोठे स्थलांतर झाले ते चिपळूण, खेड, मालवण येथून मुंबईला. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काळात रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना माणसे पुरवली. चाकरमानी मुंबईला, बायको आणि म्हातारी गावाला, शेत तिच्या अंगावर, मनिऑर्डर आली तर आली, ही कोकणातील घराची घडण तेव्हा झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी गावाकडील ओस घरे तशीच राहिली. आपण त्याच प्रदेशातले आहात, तेव्हा हे मी सांगायला नको.

ही माणसे गावात का टिकली नाहीत, याचे मोठे कारण खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वंशपरंपरेची सत्ता. खोती इंग्रजांनी निर्माण केली नाही, परंतु १८८० च्या खोती कायद्याने तिला कागदाचे बळ दिले. डॉ. आंबेडकरांनी ती रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मांडले आणि कायदा झाला तो १९४९ मध्ये. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही दोन खंडांची कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचावी. जगबुडी नदीच्या काठचे एक कुटुंब चार पिढ्यांत कसे चढते आणि ढासळते, ते पेंडसे अशा आत्मीयतेने सांगतात की आपण खोतांच्या बाजूचे होऊन जातो. माझी तक्रार तेवढीच आहे : कुळांच्या घरात ही कादंबरी पुरेशी थांबत नाही. खोताची पडझड हा मोठा विषय आहेच, परंतु त्याच्या कुळाचा मुलगा मुंबईला जाताना उंबऱ्यावर काय बोलला, याची तितकीच मोठी कादंबरी मला वाचायला हवी आहे.

याउलट, काही समाजांना हलूच द्यायचे नाही हा इंग्रजी राज्याचा दुसरा चेहरा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या फिरण्यावर बंधने घातली, पोलिसांकडे हजेरी सक्तीची केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र आजही रद्द झालेला नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) हा कायदा ध्यानात ठेवून वाचली की तिच्यातील धान्य लुटण्याचे, खजिना लुटण्याचे प्रसंग निराळ्याच अर्थाने उलगडतात. समुद्रापलीकडचे हवे असेल तर विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ आहेच. १९३९ मध्ये, युरोपात युद्ध भडकत असताना, युरोपहून परतणारा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांची बोटीवरची गोष्ट त्या वेळच्या मराठीत लिहिली गेली, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही.

एक उणीव मात्र मान्य करते. रत्नागिरी-रायगडमधील मुस्लिम कुटुंबांचे बोटींवर आणि नंतर आखातात गेलेले तरुण, आणि त्यांच्या पैशावर बांधलेल्या मोठ्या घरांत वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या बायका, यांच्याविषयी मराठी कादंबरीत जितके यायला हवे तितके आलेले नाही. आपल्या तालुक्यातच त्याची सामग्री आहे.

प्रश्न (नाशिक) : वसाहतवादाविरुद्ध लिहायचे आणि तेही इंग्रजीत, यात विसंगती नाही का?

उत्तर : नाही. इंग्रजी या घरांच्या आतली भाषा आहे. न्यायाधीश पत्नीला इंग्रजी येत नाही म्हणून तिचा तिरस्कार करतो, हे दाखवण्यासाठी ती भाषा आतून माहीत असावी लागते. विसंगती आहे ती वाचकांत : इंग्रजीतील पुस्तकाला पुरस्कार मिळाला की आपण ते विकत घेतो, आणि ‘कार्मेलिन’ शेजारच्या कोकणीत असूनही आपल्यातील बहुतेकांपर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न (पुणे) : आपल्या सर्व उदाहरणांत स्थलांतराने कुटुंब मोडते. जोडल्याचे एकही उदाहरण नाही का?

उत्तर : आहे, आणि ते या सगळ्यांत कठीण प्रवासातले आहे. गुलामगिरी रद्द झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून करारावर भारतीय मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. पुढे गयाना, त्रिनिदाद, सुरीनाम, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत आणि फिजीलाही ते गेले. भरती थांबली ती १९१७ मध्ये. एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांत बिहारी आणि तमिळ होते तसेच आपल्या कोकणातील लोकही होते, आणि त्यांचे मराठी म्हणवणारे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात.

अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या प्रवासावर आहे. गाझीपूरजवळच्या गावातील दीती, जिच्या शेतात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेमुळे धान्याऐवजी अफू लावावी लागते आणि जिचा नवरा अफूच्या कारखान्यात कामाला असून स्वतः अफूत बुडालेला आहे, ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर सती जाण्याच्या प्रसंगातून सुटते आणि ज्याने तिला सोडवले त्या कलुआबरोबर बोटीवर चढते. तो तिच्या दृष्टीने अस्पृश्य जातीचा. गावात हे लग्न म्हणजे मरण होते. बोटीवर मात्र एकत्र निघालेले सारे एकमेकांचे ‘जहाजभाई’ आणि ‘जहाजबहीण’ होतात. हे नाते लेखकाने कल्पनेतून काढलेले नाही. करारावर गेलेल्या मजुरांमध्ये ते खरोखर होते, आणि मळ्यावर पोहोचल्यानंतरही रक्ताच्या नात्याइतके पाळले जाई.

याचा अर्थ त्या व्यवस्थेने भले केले असा कोणी काढू नये. मळ्यांवरील मारझोड, पगारकपात, कराराबाहेर पाय टाकला तर होणारी अटक, हे सारे खरे आहे. त्यासाठी मॉरिशसचेच अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ ही हिंदी कादंबरी घोष यांच्या कादंबरीच्या जोडीने वाचावी, म्हणजे बोट लागल्यानंतर काय झाले ते कळेल. परंतु ज्यांची जात, गाव आणि नाव सगळेच मागे राहिले त्यांनी स्वतःहून नवे कुटुंब उभे केले, याचे श्रेय कंपनीला किंवा मळेवाल्यांना न देता त्या माणसांना द्यायला हवे. मुंबईकरांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि या शहरातील कित्येक जुन्या संपत्तींचा पाया त्या व्यापारात आहे. दीतीच्या शेतातील पीक कोलकात्याहून गेले, आपल्याकडचे मुंबईहून. या कथेतील मुंबईची बाजू घोष यांनी पुढच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’मध्ये एका पारशी व्यापाऱ्याच्या निमित्ताने घेतली आहे, तेव्हा पहिला भाग संपल्यावर थांबू नये.